आगबोटीवरील वाढदिवस

वाढदिवस हा आपल्या घरांतून मूळचा मुलांचा आणि कर्त्या पुरुषांचा सोहळा होय. मूल वर्षाचे झाले की त्यास पाटावर बसवून ओवाळावे, यजमानांनी साठी गाठली की शांत करावी, मुलगा परीक्षेस किंवा परगावी निघाला तर वाढदिवस नसतानाही निरांजन फिरवावे. हे निरांजन फिरविणारी जी घरातली वडीलधारी स्त्री, तिचा जन्म कोणत्या दिवशीचा, हे मात्र पुष्कळ घरांतून कोणास सांगता येत नसे. आमच्या आजीस कोणी तिचे वय विचारले, तर ती आपल्या भावाच्या मुंजीपासून हिशेब करू लागे, आणि तो हिशेब दर वेळी निराळा येई.

आमच्या मातोश्रींच्या बाबतीत ही अडचण नाही. त्यांचा जन्म दत्तजयंतीचा, म्हणजे मार्गशीर्षी पौर्णिमेचा. आणि आजोबा शिक्षक असल्यामुळे शाळेच्या दाखल्यात सर्वांची एक जून ही सरकारी जन्मतारीख न पडता खरीच तारीख पडली. तथापि त्यामुळे दुसरा एक वाद घरात कायमचा शिरला. आमचे वडील बंधू तिथीचे अभिमानी, मुले तारखेची. एका वाढदिवसाचे दोन करावेत तर मातोश्री दोन्ही नाकारीत. या वादाचा निकाल गेल्या मार्गशीर्षात गणितानेच लावला. सूर्याच्या व चंद्राच्या गतीचा मेळ दर १९ वर्षांनी बसतो, आणि १९ ची चौपट जी ७६ वर्षे, तेवढ्यात बरोबर ९४० पौर्णिमा होतात. म्हणून ज्यास ७६ वर्षे पुरी झाली, त्याची जन्मतिथी आणि जन्मतारीख बहुधा एकाच दिवशी येतात. फरक पडला तर एखाद्या दिवसाचा. मातोश्रींस ७६ वर्षे पुरी होत होती आणि दोन्ही पक्ष एकाच दिवशी विजयी होणार होते.

पंचाहत्तरी व्हावयाची राहिली होती, कारण ते वर्ष तीर्थरूपांच्या वर्षश्राद्धाच्या आतले होते. त्यांच्या पश्चात मातोश्रींनी कुंकू लावणे सोडले. त्यांस कोणी तसे करावयास सांगितले नव्हते. त्या स्वतः शाळेत मुख्याध्यापिका होत्या; कर्व्यांनी १८९६ साली विधवांसाठी आश्रम काढला, त्याचा धडा त्यांनी कितीतरी वर्गांस शिकविला असेल. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये विधवाप्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा ते वर्तमानपत्र त्यांनीच सर्वांस मोठ्याने वाचून दाखविले होते. असे असूनही स्वतःवर वेळ येताच त्या हळदीकुंकवाच्या दिवशी मागच्या खोलीत जाऊन बसू लागल्या, आणि नातवंडांनी ओवाळण्याचा हट्ट केला तेव्हा, “मला आता ते नको,” एवढेच म्हणाल्या. आमच्यासारख्या सुशिक्षित कुटुंबांतून अशा वेळी एक वाक्य हमखास उच्चारले जाते: “त्यांच्या मनाविरुद्ध आपण काही करू नये.” वाक्य मोठे उदार दिसते. परंतु त्या मनात हे कोणी आणि किती पिढ्यांपूर्वी पेरून ठेवले, ही चौकशी त्यामुळे आपोआप टळते.

वाढदिवस कसा करावा असे त्यांस विचारले, तेव्हा देवदर्शनाचे एखादे नाव निघेल अशी सर्वांची अटकळ होती. त्या म्हणाल्या, “मला बोटीत बसायचे आहे.” त्यांचे माहेर रत्नागिरीजवळचे. लग्न होऊन विसाव्या वर्षी त्या मुंबईस आल्या त्या कोकणच्या आगबोटीने. बंदरापासून बोट दूर नांगरलेली, तिथवर पडावातून जावयाचे, शिडीशी लाटेबरोबर वरखाली होणाऱ्या पडावातून नेमक्या क्षणी पाऊल टाकावयाचे, आणि मग डेकवर घोंगडी पसरून, ट्रंकेला टेकून भाऊच्या धक्क्यापर्यंत रात्र काढावयाची. त्या प्रवासात तीर्थरूपांनी त्यांस पहिल्यांदा आपण होऊन काही दिले, ते म्हणजे मळमळू नये म्हणून आवळकाठी. जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड ही बंदरांची माळ आमच्या घरी पाढ्यासारखी पाठ असे. १९८० नंतरच्या दशकात ती आगबोट बंद पडली आणि पुढे कोकणात रेल्वे आली. कोकणातली माणसे समुद्राकडे पाठ करून प्रवास करू लागली, असे मातोश्री म्हणतात.

हल्ली मुंबईहून सहलीची जी प्रचंड जहाजे सुटतात, त्यांस क्रूझ म्हणतात. ती कोठे पोहोचविण्यासाठी नसतात. माणसांस हिंडवून पुन्हा जागच्या जागी आणून सोडतात. आमच्या पुतण्याने अशा एका जहाजावर चार रात्रींच्या खोल्या घेतल्या: मुंबईहून कोची, तेथे एक दिवस जमिनीवर, आणि परत. पौर्णिमा नेमकी कोचीच्या दिवशी. समुद्रगमनाच्या निषेधाचा विषय आमच्या बंधूंनीही काढला नाही. आनंदीबाई जोशी वयाची अठरा वर्षे पुरी झाल्यावर आठवड्याच्या आत, ७ एप्रिल १८८३ रोजी, कलकत्त्याहून आगबोटीत बसल्या. तेव्हा जे वादळ उठले त्याचा आता मागमूसही उरलेला नाही. वाद झाला तो खर्चाचा, आणि तो पुतण्याच्या मिळकतीकडे पाहून लवकर मिटला.

बॅलार्ड पिअरवर सामानाची तपासणी विमानतळासारखीच होते. आमच्या सौभाग्यवतींनी एका डब्यात औक्षणाचे सारे साहित्य नीट भरून घेतले होते: चांदीचे निरांजन, तुपात भिजविलेल्या फुलवाती, कापराची पुडी, काडेपेटी, सुपारी, अक्षता. मातोश्री नको म्हणत असताही ते घेण्याची त्यांची आशा चिवट होती. तपासनिसाने डबा उघडून कापूर, काडेपेटी व फुलवाती बाजूला काढल्या, त्यांची पावती दिली, आणि जहाजावर उघडी ज्योत कोणत्याही कारणाने चालत नाही असे नम्रपणे सांगितले. मेणबत्ती नाही, उदबत्ती नाही, मग निरांजन कोठून? समुद्रात बुडण्याइतकेच भय आगीचे असते, कारण तेथून पळून जावयास जागा नसते. हे ऐकून मातोश्रींच्या चेहऱ्यावर सुटकेचा भाव उमटलेला आम्ही पाहिला. “दिवाच नाही, म्हणजे प्रश्नच मिटला,” असे त्या म्हणाल्या आणि झपाट्याने पुढे चालू लागल्या.

जहाज सुटण्यापूर्वी सर्व उतारूंस संकटकाळची कवाईत करावी लागते. पूर्वी ती चोवीस तासांत केव्हाही उरकीत. २०१२ साली इटलीच्या किनाऱ्याशी कोस्टा कॉन्कॉर्डिया हे जहाज खडकावर आदळून ३२ माणसे गेली, आणि तेव्हापासून नांगर उचलताना किंवा त्याच्या आधीच ती झाली पाहिजे असा नियम झाला. भोंग्याचे सात आखूड आणि एक लांब आवाज ही खूण. नाचगाण्यांसाठी आलेली तरुण मंडळी यावेळी कंटाळून भ्रमणध्वनीत तोंड घालून उभी होती. मातोश्री मात्र शाळा भरल्यासारख्या ताठ उभ्या राहून सूचना ऐकत होत्या, आणि जीवरक्षक जाकिटाचा बंद कोठे बांधावयाचा हे त्यांनी दोनदा विचारून घेतले.

जहाजाचे वर्णन आम्ही करीत बसत नाही. दहा-बारा मजल्यांचे हॉटेल पाण्यावर ठेवावे तसे ते असते, आणि त्यातील बरीच करमणूक समुद्राचा विसर पाडण्यासाठीच योजिलेली असते. जेवणाची धास्ती होती तीही खोटी ठरली; जैन उतारूंसाठी निराळी पंगत असते, तेथे कांदालसणाविना सर्व मिळते. आमच्या बंधूंनी चार दिवस जैनधर्म स्वीकारला असे मुले म्हणत.

खोलीतील दूरदर्शनसंचावर जहाज कोठे आहे याचा नकाशा सतत दिसे. पहिल्या रात्री मातोश्रींनी तो लावून ठेवला आणि झोपावयाचे नाकारले. रात्री बाराच्या सुमारास तो लहानसा बाण रत्नागिरीच्या समोर आला. त्या डाव्या हाताच्या सज्जात जाऊन उभ्या राहिल्या. किनारा दिसत नव्हता. जहाज फार दुरून जात होते. एखादा अस्पष्ट उजेड आकाशाच्या कडेशी होता, तो गावाचा की कोळ्यांच्या होड्यांचा हे ठरविता येईना. त्यांनी काही क्षण हात जोडले आणि मग म्हणाल्या, “त्या बोटीतून माझे घर मागे पडत गेले ना, ते मला दिसले नव्हते. मी मान खाली घालून बसले होते.” आम्हांस ही गोष्ट त्यांनी ५०-५५ वर्षांत कधी सांगितली नव्हती.

दुसरा दिवस नुसत्या पाण्याचा. त्यात सांगण्यासारखे काही घडले नाही.

तिसऱ्या दिवशी पहाटे कोचीची खाडी लागली. मुंबईपासून येथवर सुमारे सहाशे सागरी मैलांचा पल्ला. एका बाजूस वायपीन बेट, दुसऱ्या बाजूस फोर्ट कोची, आणि मधल्या अरुंद तोंडातून एवढे मोठे जहाज हळूहळू आत शिरते. १९२० साली आलेल्या रॉबर्ट ब्रिस्टो नावाच्या इंजिनियराने या तोंडाशी असलेला वाळूचा बांध कापून खोल वाट काढली. उपसलेल्या गाळाचेच आत विलिंग्डन बेट झाले, आणि आमचे जहाज जेथे लागले तो धक्का त्या बेटावरचा. उपसलेल्या मातीवर बंदर, रेल्वेस्थानक, कचेऱ्या आणि वृक्षांच्या रांगा उभ्या राहिल्या आहेत. परशुरामाने समुद्र हटवून भूमी मिळविल्याची कथा कोकण आणि केरळ दोघेही आपापली म्हणून सांगतात. या बेटावर उभे राहिल्यावर ती कथा फारशी अद्भुत वाटत नाही.

उतरण्यापूर्वी मातोश्रींनी तीळगूळ घातलेले दूध घेतले. अष्टचिरंजीवांचे स्मरण करून वाढदिवशी ते घ्यावयाचे असते, आणि यास दिवा लागत नसल्यामुळे त्यांची हरकत नव्हती. चिरंजीवांतील परशुराम या किनाऱ्याचा, आणि बळी तर ओणमला दर वर्षी केरळात आपली प्रजा पाहावयास येतो. तेव्हा आठांपैकी दोघे आज यजमान आहेत, असा विनोद बंधूंनी केला. ते फार क्वचित विनोद करतात.

फोर्ट कोचीच्या किनाऱ्यावर चिनी जाळी पाहिली. लांब वाशांची तिकाटणी, तिच्या एका टोकास पाण्यात बुडणारे पसरट जाळे, दुसऱ्या टोकास दोरांनी टांगलेले धोंडे. चार-सहा माणसांनी दोर ओढले की धोंड्यांच्या वजनाने जाळे तुकतुकत वर येते. आपल्याकडे विहिरीवर ओकती असे, तेच तत्त्व. जवळच सेंट फ्रान्सिसचे चर्च आहे. वास्को द गामा २४ डिसेंबर १५२४ रोजी कोचीत वारला आणि प्रथम येथे पुरला गेला. पुढे त्याच्या अस्थी पोर्तुगालला नेल्या, दगड मात्र राहिला. छतास जुने कापडी पंखे टांगलेले आहेत, त्यांची दोरी भिंतीबाहेर बसलेला माणूस ओढीत असे. मातोश्रींनी त्या दगडाकडे पाहून एवढेच विचारले, “ह्यांच्याच लोकांपायी ती गोव्याची माणसे इकडे आली ना?”

होय, त्यांच्याच पायी. सोळाव्या शतकात गोव्यातील पोर्तुगीजांच्या जाचास कंटाळून पुष्कळ सारस्वत कुटुंबे दक्षिणेस निघाली आणि त्यांतील कित्येक कोचीच्या राजाच्या आश्रयास येऊन मट्टांचेरीत वसली. डचांचा कोचीतील अधिकारी हेंड्रिक व्हान रीड याने मलबारच्या वनस्पतींचा ‘हॉर्टुस मलबारिकुस’ हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध करविला. तो १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅम येथे छापला गेला. इट्टी अच्युतन या मलयाळी वैद्याच्या जोडीला रंगभट, विनायक पंडित व अप्पुभट हे तीन कोकणी ब्राह्मण त्या कामी होते, आणि पहिल्या खंडात त्यांची साक्ष कोकणीत, नागरी लिपीत छापलेली आहे. ज्यांचे पूर्वज देव उराशी धरून समुद्रकाठाने पळाले, त्यांच्या हातची अक्षरे अशी हॉलंडात जाऊन छापली गेली.

मुलांस राजवाडा आणि १५६८ सालचे यहुद्यांचे प्रार्थनास्थान पाहावयाचे होते. ती तिकडे गेली. आम्ही थोरल्या मंडळींनी मट्टांचेरीतील कोकण्यांच्या तिरुमल देवस्थानाची वाट धरली, आणि धाकटी नात आजीचा हात सोडीना म्हणून तीही आली. दर्शन घेऊन बाहेर पडतो तो वाटेवरच्या एका जुन्या घराच्या ओट्यावर एक वृद्ध बाई फुले निवडीत बसल्या होत्या. आमचे मराठी ऐकून त्यांनी मान वर केली. त्या आपल्या कोकणीत बोलल्या, मातोश्री आपल्या रत्नागिरीकडच्या बोलीत. निम्मे समजले, निम्मे समजल्यासारखे केले. पाण्याला त्यांनी उदक म्हटले, आणि संस्कृतातला तो शब्द तांब्यात भरून समोर आला तेव्हा आमचे बंधू प्रसन्न झाले. बोलता बोलता आमच्या नातीने आज आजीचा वाढदिवस असून बोटीवर दिवा लावू देत नाहीत, हे हातवारे करून सांगून टाकले.

बाई आत गेल्या आणि पितळी तबकात तेलाची दिवली पेटवून बाहेर आल्या. मातोश्री चटकन दोन पावले मागे सरल्या. “अहो, मला कुंकू नाही, मला कसले ओवाळता?” असे त्या म्हणाल्या, आणि ते कोणत्याही भाषेत समजण्यासारखे होते. बाईंनी आपल्या रित्या कपाळावर बोट टेकवून दाखविले. त्यांचे यजमान जाऊन तीस वर्षे झाली होती. मग ओट्याकडे हात करून त्या जे बोलल्या, त्याचा अर्थ मातोश्रींनी आम्हांस मागून सांगितला: वात जळते आहे, लवकर बसा.

आम्ही सारे नुसते उभे होतो. मातोश्रींनी बंधूंकडे पाहिले. आमच्याकडे नव्हे, सुनांकडे नव्हे, बंधूंकडेच पाहिले. घरातल्या सोवळ्याओवळ्याचा, श्राद्धपक्षाचा शब्द त्यांचा असतो. बंधू काही बोलले नाहीत. तीर्थरूपांची अंगठी हल्ली त्यांच्या बोटात असते, ती त्यांनी ओढून काढली. सांधे सुजल्यामुळे तिला निघावयास थोडा वेळ लागला. ती त्यांनी त्या तबकात ठेवली. आमच्या सौभाग्यवतींच्या पिशवीत सुपारी आणि अक्षता होत्याच. आशा चिवट असते असे आम्ही वर म्हटलेच आहे.

मातोश्री ओट्यावर पूर्वेकडे तोंड करून बसल्या. त्या बाईंनी सुपारी-अंगठी ओवाळली, अक्षता टाकल्या, दिवली तीनदा फिरविली. नंतर तबक आमच्या भगिनीकडे गेले, तिच्याकडून सुनांकडे, शेवटी नातीकडे. कपाळास कोणी कुंकू लावले नाही. अंगठी सोन्याची होती आणि दिव्यासमोरून जाताना चमकत होती. तेवढा वेळ मातोश्रींची नजर तिच्यावरच होती. त्या रडल्या नाहीत. उठताना त्यांनी बाईंस नमस्कार केला, बाईंनी त्यांस केला, आणि दोघींत वडील कोण याचा निकाल लागण्यासाठी वये विचारली गेली. कोचीच्या बाई आठ वर्षांनी वडील निघाल्या.

चार वाजेपर्यंत जहाजावर परतणे भाग होते. संध्याकाळी धक्का सुटला तेव्हा पूर्वेस माडांच्या रांगेवर मार्गशीर्षाचा पूर्ण चंद्र आला होता. दत्तजन्माची हीच वेळ. बंधूंनी सज्जात उभे राहून हलक्या आवाजात आरती म्हटली, दिव्याशिवाय. रात्री भोजनगृहातील सेवकांनी वाजतगाजत अंडे नसलेला केक आणला, त्यावर विजेच्या घटावर चालणारी लहानशी मेणबत्ती होती. ती फुंकावी असा आग्रह झाला. फुंकून दिवा मालवणे आपल्याकडे अशुभ, आणि ही तर फुंकली तरी विझणारी नव्हे. मातोश्रींनी ती तशीच जळत खोलीत नेली. उतरण्याच्या सकाळपर्यंत ती टेबलावर पेटलेली होती.

मुंबईस आल्यावर मातोश्रींनी कोचीस आमसुले आणि कुळथाचे पीठ पाठविले. तिकडून उलट टपाली सुकविलेले आले व एक छापील पंचांग आले. पत्र मलयाळी लिपीत असल्यामुळे वाचण्यासाठी शेजाऱ्यांची मदत घ्यावी लागली.

चैत्रात घरी गौरीचे हळदीकुंकू झाले. मातोश्री मागच्या खोलीत गेल्या नाहीत. गौरीशेजारी खुर्ची घेऊन बसल्या, पन्हे त्यांनीच वाढले, कैरीच्या डाळीत मीठ कमी पडल्याचेही त्यांनीच सांगितले. कुंकू मात्र कोणी पुढे केले तेव्हा त्यांनी हाताने हलकेच बाजूला सारले. तो विषय आमच्या घरात अद्याप कोणी काढलेला नाही.